लायब्ररीयनचं पॅकेज किती हो?

डिग्री तीच, रॅक तेच, पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेले नंबरही तेच. पण महिन्याच्या शेवटी एकाच्या हातात दोन हजार आणि दुसऱ्याच्या खात्यात साठ हजारांच्या पुढे! असं कसं? जळगाव जिल्ह्यातला जामनेर तालुका डोळ्यांसमोर ठेवून मांडलेला हा हिशेब...

मार्च-एप्रिल आला की आपल्या ऑफिसातली हवा कशी बदलते, हे तुम्हाला सांगायला नको. एरवी लंचला न दिसणारे कलीग्ज अचानक बॉसच्या टेबलावर जेवायला लागतात. एचआरच्या मेलचा सब्जेक्ट वाचूनच पोटात गोळा येतो. हाइक किती, व्हेरिएबल किती, शेजारच्याला आपल्यापेक्षा दोन टक्के जास्त का... महिनाभर दुसरा विषय नाही. आणि यातलं काहीच जमलं नाही तर आपल्याकडे ब्रह्मास्त्र असतंच. दुसऱ्या कंपनीची ऑफर आणायची आणि समोर ठेवायची. बस्स!

आता एक काम करा. शाळा-कॉलेजातले तुमचे लायब्ररीयन आठवा. ओठांवर बोट ठेवून ‘शूऽऽ’ करणारे, उशिरा पुस्तक आणलं की दंड लावणारे. त्यांचं अप्रेजल कधी होत असेल? त्यांचा पगार कोण ठरवत असेल, आणि कशावरून?

याचं उत्तर एमबीएवाल्यांना येणार नाही, पण लग्नाच्या बैठकीला बसलेल्या कुठल्याही खानदेशी काकांना येतं. मुलाच्या बायोडेटात ‘ग्रंथपाल’ एवढं वाचलं की काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘ग्रँटेड की नॉन-ग्रँटेड?’ मुलगा हुशार आहे का, किती वाचतो, लायब्ररी कशी ठेवतो... यातलं काहीही काका विचारत नाहीत. कारण त्याचा पगाराशी काहीएक संबंध नसतो, हे काकांना बरोबर ठाऊक असतं. ग्रंथपालाचा पगार माणसाचा ठरत नाही, तो दारावरच्या पाटीचा ठरतो.

जामनेर हे कांग नदीकाठचं, कापसाच्या पट्ट्यातलं गाव. पाचोऱ्याहून येणारी ‘पीजे’ नावाची चिमुकली नॅरोगेज गाडी इथे येऊन थांबायची (२०२० पासून ती थांबली ती थांबलीच). इथल्या शेतकऱ्याला एक गोष्ट चांगली कळते. कापूस जामनेरात पिकतो, पण त्याचा भाव जामनेरात ठरत नाही. ग्रंथपालाच्या पगाराचंही डिट्टो तसंच आहे. एका तालुक्यात चार-पाच प्रकारचे ग्रंथपाल असतात आणि त्यातल्या प्रत्येकाचा भाव वेगवेगळ्या ऑफिसात ठरतो. कुणाचा मुंबईत, कुणाचा थेट दिल्लीत.

अ, ब, क, ड... आणि गेला पगार!

सगळ्यात तळापासून सुरू करूया. गावातलं सार्वजनिक वाचनालय. एखाद्या मंदिराच्या बाजूची किंवा ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावरची खोली, पेपर वाचायला येणारे आजोबा, चार-पाच लोखंडी कपाटं. ही वाचनालयं सरकारी असतात असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. नसतात. ती चालवतात स्थानिक संस्था, म्हणजे अध्यक्ष-सचिव असलेली नोंदणीकृत मंडळं. सरकार त्यांना फक्त अनुदान देतं. ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम’ १९६७ साली झाला, १९६८ च्या महाराष्ट्र दिनापासून तो लागू झाला, आणि १९७० च्या नियमांनी अनुदानाची व्यवस्था बसवली. तेव्हापासून राज्यभरातली अकरा-बारा हजार ग्रंथालयं या अनुदानावर श्वास घेतायत.

अनुदान किती, हे ठरतं वर्गावरून. पुस्तकं किती, सभासद किती, पेपर-मासिकं किती येतात, हे बघून ग्रंथालयाला अ, ब, क किंवा ड वर्ग मिळतो. त्यातही जिल्ह्याचं, तालुक्याचं आणि ‘इतर’ अशी विभागणी. २०२२ मध्ये सरकारने या अनुदानात ६० टक्के वाढ केली. ऐकायला काय भारी वाटतं ना? आपल्याकडे कुणाला ६० टक्के हाइक मिळाली तर तो अख्ख्या फ्लोअरला पार्टी देईल!

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झालं. महिन्याचं नाही हं, वर्षाचं! यातला निम्मा भाग पगारासाठी आणि उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, वीज, भाडं, झाडू, सगळं. म्हणजे पगाराला आले वर्षाला २४ हजार. ‘ड’ वर्गात माणूस एकच असतो. तोच ग्रंथपाल, तोच क्लार्क, तोच शिपाई. त्याचे महिन्याला झाले २,००० रुपये. वाढीआधी हा आकडा १,२५० होता. पुण्या-मुंबईत तेवढ्यात दोघांचा संडे ब्रंचसुद्धा होत नाही.

एक पायरी वर चढूया. ‘इतर’ गटातल्या ‘क’ वर्गाचं अनुदान झालं १,५३,६०० रुपये. निम्मे केले, बाराने भागले की उरतात महिना ६,४०० आणि ते वाटून घ्यायला माणसं दोन. तालुक्याच्या ‘अ’ वर्ग ग्रंथालयाला, म्हणजे जामनेरसारख्या गावात जे सगळ्यात मोठं होऊ शकतं त्याला, वर्षाला ६,१४,४०० रुपये. पगाराचा वाटा महिना २५,६००. चार जणांचा स्टाफ धरला तर सरासरी पुन्हा ६,४०० च. आणि जिल्ह्याचं ‘अ’ वर्ग ग्रंथालय? वर्षाला ११,५२,०००. पगाराला महिना ४८ हजार, सगळ्या स्टाफचे मिळून!

हा ४८ हजारांचा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्थात संस्थेला स्वतःच्या खिशातून जास्त देता येतं. वर्गणी असते, देणग्या असतात, हॉल भाड्याने देता येतो. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय किंवा धुळ्याचं गरुड वाचनालय अशा जुन्या, नाव असलेल्या संस्थांना शहर तरी पाठीशी असतं. पण तालुक्यातल्या एखाद्या छोट्या गावात महिन्याची वर्गणी दहावरून वीस रुपये केली तरी सभेत वादळ होतं. त्यातून अनुदान येतं हप्त्यांनी. हप्ता लांबला की पगारही लांबतो. मग ग्रंथपाल काय करतो? सकाळी शेत, दुपारी एखाद्या दुकानात हिशेब, संध्याकाळी वाचनालय. कित्येक गावांत वाचनालय संध्याकाळीच उघडं का असतं, याचं उत्तर यात आहे. ते आपण वाचकांच्या सोयीसाठी असतं असं समजत होतो!

यातला सगळ्यात बोचणारा भाग वेगळाच आहे. समजा, या ग्रंथपालाने जीव ओतून काम केलं, सभासद दुप्पट केले, मुलांसाठी गोष्टींचा तास सुरू केला. पगार वाढेल? नाही. वर्ग वाढला तरच अनुदान वाढणार आणि अनुदान वाढलं तरच पगार. आणि २०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची मोठी पडताळणी झाली, त्यानंतर बरीच वर्षं हा वर्गबदलच अडकून पडला होता. म्हणजे प्रमोशनचा जिना आहे, पण दाराला कुलूप.

ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटनांची मागणी जुनीच आहे. अनुदान नको, वेतनश्रेणी द्या. त्यावर समित्या झाल्या. प्रभा राव समिती झाली, पुढे व्यंकप्पा पत्की समिती झाली. या समित्यांची नावं ग्रंथालयाच्या वर्तुळात आजही अगदी घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. शिफारशींचे अहवाल मात्र वाचनालयातल्या न मागितल्या जाणाऱ्या पुस्तकांसारखे पडून राहिले.

दारूवरचा कर आणि पुस्तकांचा पगार

बाकीच्या राज्यांत काय चालतं? तमिळनाडूत १९४८ च्या मद्रास कायद्यापासून घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतला जातो. कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने तसंच केलं आणि तिथे सार्वजनिक ग्रंथालयांचं स्वतंत्र सरकारी खातंच आहे. त्यामुळे शहर-जिल्हा ग्रंथालयांतले ग्रंथपाल सरळ सरकारी नोकर. (सगळं गोड नाही हं. तिथेही ग्रामपंचायतीच्या वाचनालयांतल्या लोकांना मानधनासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं.) आपल्या शेजारच्या गोव्याने तर कमाल केली. १९९३ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठीचा पैसा त्यांनी दारू-बिअरवरच्या अधिभारातून काढला. पिणाऱ्याने वाचणाऱ्याचं बिल भरायचं!

महाराष्ट्राच्या कायद्यात असा कर नाही. आहे तो ‘ग्रंथालय निधी’. त्यात सरकारने वर्षाला किमान २५ लाख रुपये घालावेत असं कायद्यात लिहिलंय. आज प्रत्यक्षात होणारी तरतूद त्याच्या कितीतरी पट असते हे खरं. पण ती दरवर्षी बजेटच्या मर्जीवर. घरपट्टीला बांधलेला पैसा घरं वाढतील तसा आपोआप वाढतो. मर्जीचा पैसा मंत्र्यांना निवेदनं देऊन वाढवावा लागतो. म्हणून मग २०२२ सारखी वाढ एकदम येते आणि त्याआधीची दहा वर्षं कोरडी जातात.

कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरातल्या ग्रंथालयांना पुस्तकं, फर्निचर, कॉम्प्युटर, इमारत यासाठी मदत करतं. पगारासाठी नाही. त्यामुळे एखाद्या वाचनालयात काचेची नवी कोरी कपाटं दिसतात आणि त्यांच्यापुढे बसलेला माणूस दोन हजारांवर असतो. पुस्तकाला बजेट आहे, पुस्तक देणाऱ्याला नाही, असा हा प्रकार.

अर्धा ग्रंथपाल

वाचनालयातून निघून शाळेत जाऊया. अनुदानित माध्यमिक शाळांत ग्रंथपालाला सरकारची वेतनश्रेणी मिळते, म्हणजे परिस्थिती एकदम बदलते. पण इथेही एक गंमत आहे. ग्रंथपालाची नोकरी पुस्तकांवर नाही, पटसंख्येवर अवलंबून! वर्षानुवर्षं चालत आलेला निकष असा की हजारावर विद्यार्थी असतील तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशे ते हजार असतील तर अर्धवेळ. पाचशेच्या आत असतील तर कुणीच नाही, म्हणजे कपाटाची किल्ली मराठीच्या सरांकडे.

हा ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ म्हणजे खास आपल्याकडची चीज. पगार अर्धा, निवृत्तीनंतर पेन्शन नाही. पूर्णवेळ करा म्हणून यातल्या कितीतरी जणांनी आंदोलनं केली, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. काही पूर्णवेळ झाले, काही अर्धवेळच रिटायर झाले. जामनेर, पहूर, शेंदुर्णी अशा मोठ्या गावांतल्या शाळांत पट टिकतो. छोट्या गावांत मात्र इंग्लिश मीडियमची पिवळी बस दारात यायला लागली की पट घसरतो आणि त्याबरोबर ग्रंथपालाची खुर्चीही हलायला लागते. ज्या मुलांनी पुस्तक कधी मागितलंच नाही, त्यांच्या डोक्यांवर याचा पगार उभा असतो.

आणि इकडे लेव्हल दहा

आता त्याच तालुक्यातल्या एखाद्या अनुदानित सीनियर कॉलेजात डोकावा. शांत हॉल, स्टडी टेबलं, बाहेर बोर्ड ‘ग्रंथालय’. इथल्या ग्रंथपालाचा पगार दिल्लीतला विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी ठरवतो आणि तो असिस्टंट प्रोफेसरच्या बरोबरीचा असतो. सातव्या वेतन आयोगात अ‍ॅकॅडमिक लेव्हल १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. वर महागाई भत्ता, घरभाडं, दरवर्षी साधारण ३ टक्क्यांची वाढ.

मघाचा ४८ हजारांचा आकडा आठवतोय? जिल्ह्याच्या ‘अ’ वर्ग ग्रंथालयाच्या सगळ्या स्टाफला अनुदानातून मिळून महिन्याला जेवढं येतं, त्यापेक्षा कॉलेजच्या एका नवख्या ग्रंथपालाचं नुसतं बेसिक जास्त आहे!

ही बरोबरी आली कुठून? इथे एक मस्त किस्सा आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. ग्रंथालयात त्यांना काडीचा रस नव्हता. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते मुख्यतः तिथला पगार प्राध्यापकीपेक्षा बरा होता म्हणून! सुरुवातीला तर इतका कंटाळा आला की परत शिकवायला जाऊ द्या म्हणून त्यांनी विनवण्या केल्या. पुढे ते लंडनला शिकायला गेले आणि मग जे घडलं तो इतिहास आहे. आपल्याला इथे महत्त्वाचं आहे ते १९५७ साल. यूजीसीने ग्रंथालयांसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रंगनाथन होते, आणि कॉलेज-विद्यापीठांच्या ग्रंथपालांना शिक्षकांच्या बरोबरीने वेतन द्या, हे त्या समितीने सांगितलं. पगारासाठी या लाइनमध्ये आलेल्या माणसाने पुढच्या पिढ्यांच्या पगाराची सोय करून ठेवली. त्यांचा वाढदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. सार्वजनिक वाचनालयांच्या वाट्याला मात्र असा कुणी रंगनाथन आला नाही. तिथल्या भिंतीवर त्यांचा फोटो असतो, हार असतो. वेतनश्रेणी नसते.

मग वाढवायचा कसा?

समजा, दोन मैत्रिणी आहेत. दोघींनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून एकत्र बी.लिब. केलं. पहिली गावातल्या ‘क’ वर्गाच्या वाचनालयात लागली, का तर घराजवळ आहे. दुसरीने आणखी दोन-तीन वर्षं अभ्यास केला. पाच वर्षांनी या दोघींच्या पगारात पंधरा-वीस पटीचा फरक पडू शकतो. हा फरक कष्टांचा नाही, कोणत्या दारातून आत शिरलात त्याचा आहे. त्यामुळे या प्रोफेशनमध्ये सध्याच्या खुर्चीत बसून घासाघीस करण्यात जास्त शक्ती घालवू नका. अध्यक्षसाहेब कितीही सज्जन असले तरी ४८ हजारांच्या अनुदानातून ते कुठून देणार?

पहिला आणि सगळ्यात मोठा दरवाजा म्हणजे एम.लिब. ५५ टक्क्यांनी आणि त्यावर नेट किंवा सेट. कॉलेज ग्रंथपाल व्हायचं तर हे हवंच (नियमाप्रमाणे झालेली पीएच.डी. असेल तर नेट-सेटमधून सूट). नेट देशपातळीवर होते, सेट आपल्या राज्याची, पुणे विद्यापीठ घेतं, आणि दोन्हीत ग्रंथालयशास्त्र हा विषय आहे. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून हे करणारे खूप आहेत. एकदा लेव्हल १० मध्ये शिरलात की पुढचा जिना लिहिलेला आहे. पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, नसेल तर सहा वर्षांनी लेव्हल ११, जिथे बेसिक ६८,९०० पासून सुरू होतं. त्यानंतर पाच वर्षांनी लेव्हल १२, ७९,८०० पासून. दोन वर्षं आधी वरच्या लेव्हलला जाणं म्हणजे पुढच्या आख्ख्या करिअरभर दोन पावलं पुढे राहणं. म्हणून आपल्याकडचे ग्रंथपाल पीएच.डी.च्या मागे लागलेले दिसतात. सगळेच काही ज्ञानलालसेने नाही!

फक्त जागा कमी आणि त्या भरायला सरकारची परवानगी लागते. जाहिरात आली तर आधी बघा, पद अनुदानित आणि मंजूर आहे का? निवड समितीत विद्यापीठाचे प्रतिनिधी आहेत का? विद्यापीठाची मान्यता आणि उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयातली वेतननिश्चिती, हे दोन कागद हातात पडेपर्यंत पेढे वाटू नका. ‘आत्ता विनाअनुदानितवर या, पुढे ग्रँट आली की बघू’ या वाक्यावर माणसं दहा-दहा वर्षं बसून राहिलीत. आणि मुलाखतीआधीच ‘संस्थेसाठी तुम्ही काय करणार?’ असं कुणी हळूच विचारलं तर त्याचा अर्थ तुम्हाला कळतोच. असं विकत घेतलेलं लेव्हल १० पहिली कित्येक वर्षं कर्ज फेडण्यातच जातं.

दुसरा दरवाजा जरा आडवळणाला आहे, आणि आपल्या मुलांचं तिकडे लक्षच जात नाही. केंद्रीय विद्यालयं! तिथे ग्रंथपाल लेव्हल ७ ला असतो, बेसिक ४४,९०० पासून. नेट-सेट नको, बी.लिब. चालतं. वयाची अट साधारण ३५ पर्यंतची. भरती अखिल भारतीय असते, दरवर्षी निघत नाही, आणि पोस्टिंग आसामपासून केरळपर्यंत कुठेही. पण जामनेरच्या मुलाला केंद्रीय विद्यालय म्हणजे काय हे बघायला लांब जायला नको. शेजारच्या भुसावळला आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आवारात ती कधीची आहेत. नवोदय विद्यालयांचंही वेतन याच लेव्हलचं. ज्याच्याकडे बी.लिब. आहे आणि वय तिशीच्या आत आहे, त्याने दोन हजारांवर दिवस काढत राहण्यापेक्षा ही परीक्षा एकदा तरी मनापासून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा दरवाजा तुमच्या-माझ्या ओळखीचा. खासगी. इंजिनीअरिंग आणि मॅनेजमेंट कॉलेजं, लॉ फर्म्स, औषध कंपन्या, मीडिया हाउसेस, संशोधन संस्था. इथे पाटीवर ‘लायब्ररीयन’ नसेलही. ‘नॉलेज मॅनेजर’, ‘इन्फर्मेशन अ‍ॅनालिस्ट’, ‘आर्काइव्हिस्ट’ असं काहीतरी भारदस्त असेल. फक्त इथेच आपल्यासारखं निगोशिएशन चालतं, त्यामुळे तुम्हाला काय येतं याला इथे किंमत आहे. कोहा हे मोफत मिळणारं लायब्ररी सॉफ्टवेअर स्वतः इन्स्टॉल करून चालवता येतं का? डीस्पेसवर डिजिटल संग्रह उभा करता येतो का? जुने कागद स्कॅन करून नीट नोंदवता येतात का? जळगावात २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘गांधी तीर्थ’मध्ये गांधीजींशी संबंधित कागदपत्रांचा डिजिटल संग्रह आहे. म्हणजे हे काम काही फक्त बेंगळुरूतच होतं असं नाही. कॉलेजात असाल तर नॅकच्या वेळी ग्रंथपालाचा भाव कसा वधारतो ते अनुभवलं असेलच. ती टीम येऊन जाईपर्यंत प्राचार्य रोज चहाला बोलावतात. जे काही मागायचं ते तेव्हाच मागून घ्या, नंतर कुणी ओळख देत नाही!

घरभाड्याचाही एक छोटा हिशेब सांगते. सातव्या आयोगाने सुरुवातीला मोठ्या शहरांना २४ टक्के आणि छोट्या गावांना ८ टक्के घरभाडं ठेवलं. ५७,७०० वर पुण्यात ते १३,८४८ होतं, जामनेरात ४,६१६. वरकरणी पुणेकर नऊ हजारांनी पुढे. पण पुण्यात त्या पैशांत वन बीएचके मिळवून दाखवा! जामनेरात तेवढ्यात छप्पर तर मिळेलच, वर भरताची वांगीही येतील. लेव्हल १० ची नोकरी तालुक्याच्या गावी मिळाली तर नाक मुरडू नका, हातात जास्त उरतं.

आणि ज्यांना गाव सोडायचंच नाही त्यांचं काय? पहिल्या मैत्रिणीचं काय? तिच्यासाठी मला प्रामाणिकपणे एकच चालणारी वाट दिसते, ती म्हणजे अभ्यासिका. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी... तालुक्यात परीक्षा देणाऱ्या मुलांची कमी नाही, घरात बसून वाचायला जागा मात्र नाही. कादंबरीसाठी वीस रुपये द्यायला कुरकुरणारं गाव मुलाच्या अभ्यासाच्या खुर्चीसाठी महिन्याला दोन-तीनशे खुशीने देतं. पन्नास खुर्च्यांचे झाले दहा-पंधरा हजार. अनुदानातून पगाराला येणाऱ्या ६,४०० च्या दुप्पट! यातला ठरावीक हिस्सा ग्रंथपालाच्या मानधनात जाईल असा ठराव कार्यकारिणीच्या सभेत लेखी करून घ्यायचा, तोंडी नको. अध्यक्ष बदलले की तोंडी शब्दही बदलतात.

एक बाजू राहिली, कायद्याची. पीएफ लागू व्हायला साधारणपणे किमान २० कर्मचारी लागतात, ग्रॅच्युइटीला १०. एक-दोन-चार जणांचं वाचनालय दोन्हीतून बाहेर! तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली आणि शेवटी हातात शाल-श्रीफळ, हे इथे अतिशयोक्ती नाही. मात्र किमान वेतनाचं चित्र बदलू शकतं. आधी ते फक्त यादीतल्या धंद्यांना लागू होतं. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने किमान वेतनाचा हक्क सगळ्याच नोकऱ्यांना दिला. आता दोन हजारांचं काय करणार? संस्था म्हणेल, आमच्याकडे पैसे नाहीत, सरकारकडे मागा. सरकार म्हणेल, हे आमचे नोकर नाहीत, संस्थेकडे मागा. वाचनालय दिवसातून काही तासच उघडं असतं, म्हणजे पूर्ण दिवसाचं वेतन कसं, हा प्रश्नही निघणारच. म्हणून आपण रोज किती वाजता कुलूप उघडलं आणि किती वाजता लावलं, याची नोंद ग्रंथपालाने आजपासून एका वहीत ठेवायला लागावं. रोजच्या रोज, सहीसकट. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद तर ती ठेवतेच.